गुणाबाईचं जंगबार

"डावीकडं वळलं की विहीर."

"नाय गो. डावीकडं भिंत हाय. सरळ गेलं की समुद्र."

"मग ह्या दोघी भरले हंडे घेऊन भिंतीतनं बाहेर आल्या?"

"गुणे, तिथं मी जातो. तू नाय."

"म्हणून तर इचारते. जाता तुमी, आन् विहीर ठावं मला!"

ओटीच्या पायरीवर बुधी सूप घेऊन बसली होती. शेजारीण असल्यामुळे भांडणात बोलायचा तिला हक्कच होता. "बाय गो, बांधावरून भांडणारी माणसं पायली. समुद्रापल्याडच्या विहिरीवरून भांडणारी ही पयलीच."

महिपत हसला नाही. गुणाबाईही हसली नाही. दोघांच्या मध्ये सारवलेल्या ओटीवर आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचं जंगबार शहर पसरलं होतं. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे फोटो मांडलेले, आणि एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत भाताच्या दाण्यांच्या ओळी. दाण्यांची ओळ म्हणजे गल्ली. जिथे ओळ तुटते तिथलं गुणाबाईला अजून कळलेलं नसे.

अडतीस सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मुरबाडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात झोडणी आटपली होती आणि महिपत आगबोटीवरून रजेवर आला होता. सोमवारी त्याला परत मुंबईला हजर व्हायचं होतं.

महिपत आगवाला होता. बोटीच्या पोटात, भट्टीच्या तोंडाशी उभं राहून फावड्यानं कोळसा मारायचा, हे त्याचं काम. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो शहापूरच्या नथूबरोबर गोदीत गेला आणि तिथून त्याच्यासोबतच बोटीवर चढला. वर्षातून दोनदा घरी यायचा. आला की पंधरा दिवस पाहुण्यासारखा राहायचा. कोणत्या खाचरात कोणतं भात लावलंय, कोणती म्हैस गाभण आहे, हे त्याला गुणाबाईला विचारावं लागायचं.

एकतीस साली त्यानं पेटीचा कॅमेरा आणला. बोटीवरच्या एका साहेबानं जुना झाला म्हणून टाकून दिलेला. एका रोलात आठ फोटो. पहिला रोल त्यानं धुवून आणला तेव्हा अख्खं गाव ओटीवर जमलं. आठही फोटोंत नुसता समुद्र, तोही तिरका.

"आठ फोटो पान्याचं?" गुणाबाई म्हणाली होती. "आवं, पानी काय आपल्या हितं कमी हाय? माणसं कुठं ऱ्हातात तिथली? दारं कशी हायती?"

पुढच्या खेपेला तो दार घेऊन आला. माणसाच्या दुप्पट उंच, नक्षीचं, आणि फळीवर पितळेचे टोकदार भालेच भाले बसवलेले.

"ह्या दारामागं काय हाय?"

"कुनास ठावं. घर असंल."

"मग ते आना."

तेव्हापासून हे असंच सुरू झालं. निघताना गुणाबाई सांगायची. गल्ली पुढं कुठं जाते ते आणा. त्या जिन्यावरून खाली काय दिसतं ते आणा. लवंगा वाळत घालतात म्हणता, तर कशावर घालतात ते आणा. बोट जंगबारला लागली की दोन दिवस थांबायची, आणि महिपत बायकोची कामं करत गल्लीगल्ली हिंडायचा. ते शहर त्याला फार आवडायचं. भट्टीतून वर आलेल्या माणसाला तिथल्या अरुंद गल्ल्यांची सावली अंगावर कुणी ओलं फडकं टाकल्यासारखी वाटायची. दारातली अनोळखी म्हातारी सुद्धा "करिबू" म्हणून हाक मारायची. या, बसा. गोदीत कुणी त्याला बसा म्हणत नसे. खरं सांगायचं तर घरीही बसा म्हणायची वेळ यायची तेव्हा गुणाबाई शेतावर असायची.

महिपतचे फोटो रिकामे असत. तो माणसांना लाजायचा. गल्लीतून लोक निघून जाईपर्यंत भिंतीला टेकून थांबायचा आणि मग कळ दाबायचा. फोटो कधीच सरळ यायचा नाही. घरं उजवीकडे कललेली, जणू सगळं शहर बोटीवरच बांधलंय. गुणाबाईला त्या कलाची सवय झाली होती. फोटो ती तांदळाच्या कणगीत, तुसात पुरून ठेवायची, म्हणजे पावसाळ्यात त्यांना ओल धरत नसे. आणि तो नसताना, कामं आटपली की, काढून मांडायची.

"काय करतेस गो एकटी?" बुधी विचारायची.

"जरा बाजारात जाऊन येते," ती म्हणायची, आणि दाण्यांच्या ओळीवरून बोट फिरवत जायची.

मुरबाडच्या बाजाराच्या पलीकडं ती स्वतः कधी गेली नव्हती.

मागच्या दोन वर्षांत मात्र फोटो बदलले. घरं सरळ उभी राहिली. गल्ल्यांत माणसं आली, कॅमेऱ्याकडे बघून दात काढून हसणारी. "महिपत सुधारला हां!" गावानं म्हटलं.  गुणाबाईनं नवे फोटो वेगळे बांधून ठेवले.

खरं कारण महिपतनं नथूखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. वीस वर्षं भट्टीच्या तोंडात बघून बघून त्याच्या डोळ्यांवर पांढरं धुकं उतरलं होतं. कोळसा मारायला फारसं दिसावं लागत नाही. भट्टी कुठे आहे ते अंगालाच कळतं. पण कॅमेऱ्याच्या नखाएवढ्या काचेत त्याला आता काही दिसत नव्हतं. दोन वर्षं तो जंगबारला बोटीच्या पायऱ्या उतरला नव्हता. कॅमेरा नथूच्या हातात द्यायचा, गुणाबाईनं सांगितलेलं सगळं एकेक करून नथूला सांगायचा, आणि डेकवर लवंगांचा वास घेत बसून राहायचा.

"वैनीला सांगून टाक," नथू म्हणायचा. "घरी ऱ्हा. शेती हाय की."

"शेती तिची हाय. मी आनलं काय त्या घरात? हे एक गाव आनलं. ते बी बंद झालं तर मी त्या ओटीवर कोन?"

 नथू कॅमेरा घेऊन उतरायचा.

आणि आता नथूनंच काढलेला, हंडे घेतलेल्या दोन बायकांचा फोटो गुणाबाईनं महिपतपुढे धरला होता.

"बघा नीट. ह्यांच्या हंड्यातनं पानी सांडलंय. डावीकडनं ओघळ आलाय, आन् अजून सुकला नाय. एवढ्या उन्हात! म्हंजे विहीर दहा पावलांवर. मी रोज पानी वाहाते, मला शिकवू नका."

महिपतनं फोटो घेतला, नाकाशी नेला, परत दूर धरला. "असंल बाबा. नीट ध्यान दिलं नसंल."

"ध्यान दिलं नसंल? पूर्वी कुठल्या दाराला किती भाले ते मोजून यायचात तुमी."

"वय झालं आता."

"वय झालं तर सोमवारी जाऊ नका."

बुधीचं सूप थांबलं.  महिपत उगाच मोठ्यानं म्हणाला, "ह्या खेपेला काय आनू ते सांग. विहीर आनू? विहिरीचाच आनतो, चारी बाजूंनी."

"नको."

"मग?"

"नवा रोल घातलाय ना पेटीत? आठांतला एक माझा काढा. आता. हितंच."

"तुझा कशाला? तू तर हितंच हायेस."

"बघा! इतकी वर्षं झाली, तिथली म्हातारी हाय फोटोत, लवंगा हायती, मांजर हाय. मीच नाय."

"काढ रं भावा," बुधी म्हणाली. "त्या मांजरीपरीस तरी बरी दिसंल."

आता नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. त्यानं खुंटीवरचा कॅमेरा काढला आणि चाचपत अंगणात उतरला. दुपार कलली होती, उजेड चांगला होता. "उन्हात उभी ऱ्हा. त्या वळचणीच्या पुढं."

"ऱ्हाते. जरा केस नीट करून येते, थांबा," म्हणत ती आत गेली. महिपत पेटी पोटाशी धरून काच चोळत होता, त्यानं ते ऐकलं नाही.

वळचणीच्या पुढं काठीवर तिचं तांबडं लुगडं वाळत होतं.

गुणाबाई कपाळावर कुंकू टेकवून दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. महिपत लुगड्यासमोर उभा होता. पेटीच्या काचेत वाकून बघत होता.

"जरा डावीकडं हो," तो म्हणाला.

वाऱ्यानं लुगडं हललं.

"हां. बास. आता हालू नको." मग आवाज खाली आणून, बुधीला ऐकू जाऊ नये म्हणून, "हास की जरा."

बुधीनं तोंड उघडलं. गुणाबाईनं दारातूनच हात वर करून तिला गप्प केलं.

कळ वाजली.

"झाला," महिपत म्हणाला. खूप दिवसांनी त्याच्या तोंडावर पूर्वीचं हसू आलं होतं. "चांगला आलाय बघ. सरळ उभी ऱ्हायलीस ते बरं केलंस."

गुणाबाई पायऱ्या उतरून त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. ती हळूच म्हणाली.

"अवं, मी हितं हाय."

महिपत वळला नाही. तो समोर तांबड्या रंगाकडे बघत राहिला. वाऱ्यानं तो रंग एकदा फुगला आणि परत काठीला चिकटला.

"कवापासून?" गुणाबाईनं विचारलं. "आन् ती घरं सरळ कुनी केली? नथू भावजीनी?"

त्यानं हातातली पेटी मागे केली, तिच्या हातांत लागेपर्यंत धरून ठेवली आणि मग सोडली. एक हात पुढे करून काठी शोधली, लुगडं बाजूला सारलं आणि त्याच्याखालून वाकून शेताच्या वाटेला लागला.

"मी काय इचारते?"

बांधावर पाय चाचपत तो पुढे चालत गेला.