बाटल्या कोणी धुतल्या

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि मी पिंप भरत होते. फोन ठेवल्यावरही भरतच राहिले, पाणी ओसंडून पार अंगणात गेलं... आमच्या संभाजीनगरात असं पाणी कुणी सांडू देत नाही. रुखसाना आपा प्रयोगशाळेतल्या माझ्या वरिष्ठ. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्याला आता दीड महिना होईल, आणि मला अजून धड रडूही आलेलं नाही.

आपांचं आयुष्य एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मागे गेलं. प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या मुलांना त्या सांगायच्या, "इन्शुलिन पेशीच्या दारावर हाक मारतं, अन् हे विकर ती हाक आतल्या आत पुसून टाकतं. त्याला जरा आवरलं, तर थोडक्या इन्शुलिनवर माणसाचं भागंल." यातून मधुमेहावर औषध निघेल अशी त्यांना आस होती. घरी त्यांच्या आईच्या, अम्मींच्या, पायाची जखम मधुमेहामुळे काही केल्या भरत नव्हती. सीताफळाच्या पानांच्या अर्कानं विकर थंडावलं, त्या दिवशी आपांनी ईद नसताना डबाभर शीरखुर्मा आणला. लेख छापून आला. आम्ही सगळेच हवेत होतो.

पुढच्या खेपेला मात्र नव्या बाटल्यांतला तोच अर्क काहीच करेना. आपांनी मला हाक मारली.

"सुमन, आधीच्या बाटल्या कशानं धुतल्या होत्या गं?"

"घरच्या पावडरीनं, आपा. इथं नळ कोरडा होता, म्हणून घरी नेल्या."

"किती पाण्यातून काढल्यास?"

"दोन..."

त्या खुर्चीत बसल्या. कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं, आणि या विकराला गप्प करायला ते चिमूटभरही पुरतं. गुण अर्काचा नव्हता, माझ्या पावडरीचा होता. "आठ दिवसांनी पाणी येतं, तू तरी काय करशील," एवढंच त्या म्हणाल्या. मी चाचरत म्हटलं, "कुणाला कळणार आहे, आपा?"

"अम्मीच्या पायाला कळंल ना."

त्यांनी लेख मागे घेतला. पत्रात त्यांनी लिहिलं, "बाटल्या धुण्यात माझ्याकडून हयगय झाली." म्हणजे त्यांच्याकडून! मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझी नोकरी अजून कच्ची हाय. गप बस." मी गप्प बसले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. आपांचा प्रकल्प गेला. 'आधी भांडी घासायला शिका,' असे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षं हसून ऐकले, आणि मी शेजारी बसून चहा पीत राहिले. शोकसभेतही एक गृहस्थ म्हणाले, "एकदा निष्काळजीपणा झाला, पण बाई प्रामाणिक." तिथंही माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी अम्मींकडे गेले. आपांच्या खोलीत त्यांचा पांढरा कोट खुंटीला तसाच होता. त्याच्याखाली बसून मी अम्मींना सगळं सांगितलं आणि मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत राहिले. अम्मींनी पायाची पट्टी चाचपली.

"मला काय सांगतीस, बेटी? माझ्या घरात तिचं नाव साफच हाय. जिथं खराब झालं, तिथं जाऊन सांग."

म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. लेख छापणाऱ्या मासिकालाही कळवलं आहे. बाटल्या आपांनी धुतल्या नव्हत्या. मी धुतल्या होत्या.