शेळीपुढे टाकलेली भाजी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — मलाच माहीत नाही.

मी आरमोरीजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवते. बावीस वर्षं झाली. दर थंडीत, धान कापून झालं की, गरोदर बायांना आणि बाळंतिणींना बोलावते, सतरंजी अंथरते आणि तिच्यावर ताटं मांडते — धानाच्या बांधीत पेरलेल्या लाखोरी डाळीच्या रोपांचे कोवळे शेंडे शिजवून केलेली भाजी, जवसाची चटणी, तीळ, गूळ, उकडलेली अंडी, पेरू. थंडीत घास सोडू नका, म्हणते. बाळंतिणीनं पालेभाजी खाल्ली की बाळाला सर्दी उतरते, हे खूळ डोक्यातून काढा, म्हणते. बाई आज लय तापल्या, असं म्हणत बाया हसतात, पण ऐकतात. माझ्या शब्दाला गावात वजन आहे. तेच वजन पुढे मला कामी आलं.

माझी सून प्रणाली. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. चार वर्षांपूर्वी, पौषात, मुलगी झाली. आणि मी — सतरंजीवरून उठून घरी येणारी मी — तिला काय देत होते? मऊ भात, वर मीठ आणि लसणाची फोडणी. दोन्ही वेळा तेच. घरच्या कोंबड्यांची अंडी मुलाच्या ताटात जायची.

एक दिवस बैठक आटोपून डबे घरी आणले. भाजी उरली होती. प्रणाली बाळाला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. हळूच म्हणाली, "आई, थोडीशी भाजी मले द्या ना जी. भात गिळवत नाई आता."

मी म्हटलं, "बाळाले सर्दी झाली तं कोण निस्तरन?" आणि ती भाजी तिच्यादेखत शेळीपुढे टाकली.

भीती होती का? होती, असं मी स्वतःला सांगत आले. माझं पहिलं बाळ थंडीतच गेलं, आणि सासूनं त्याचं खापर मी चोरून खाल्लेल्या पेरूवर फोडलं होतं. पण आता खोटं कशाला बोलू? पेरूनं काही झालं नव्हतं, हे मला केव्हाचं ठाऊक होतं. खरं कारण वेगळंच. माझ्या बाळंतपणात मी सव्वा महिना भात-मीठ गिळून काढला — मग हिलाच अंडं काऊन? एवढंच. मी जळत होते तिच्यावर.

महिना होत आला तेव्हा एका सकाळी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं. अंगात रक्तच उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही जेवते काय? प्रणालीनं तोंड उघडलं — आणि तिच्या आधी मी बोलले.

"सगळं देतो जी आमी. हीच खात नाई."

मग नर्सनं तिलाच झापलं. सासू अंगणवाडीत, आणि तुझ्याच घशाखाली घास उतरत नाही? पोरीचा तरी विचार कर. प्रणालीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून "हो" म्हणाली. तिला रक्त चढत होतं, आणि शेजारी बसून मला वाटत काय होतं? हायसं. माझं नाव वाचलं म्हणून.

दोघी मायलेकी जगल्या. घरी आणल्यावर मी तिला सगळं खाऊ घातलं — पण त्यानं काय फिटतं?

या थंडीत मला ताप आला. आठ दिवस अंथरुणावर होते, तोंडाला चव नव्हती. प्रणालीनं ताट आणलं — भाकर, जवसाची चटणी, उकडलेलं अंडं आणि वाटीत लाखोरीची भाजी. नात तिचा पदर धरून उभी होती.

"खा आई. थंडीत घास सोडू नाई, तुमीच सांगता ना."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी वाटी पुसून खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत ती समोर बसून राहिली. तेव्हा तिला खरं कारण सांगता आलं असतं. मी पाणी मागितलं.