न पाठवलेले पोहे

माझा धाकटा भाऊ फौजेत लागला तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला, आणि पुढे सगळ्यात जास्त राग पण मलाच येत राहिला. फोनवर काहीही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "एक नंबर." जेवण? एक नंबर. झोप? एक नंबर. थंडी? एक नंबर. अरे, थंडी एक नंबर कशी असेल? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गृहपाठ न केलेलं पोर दारातून आत येतानाच मला ओळखू येतं. हे माझंच पोर होतं म्हणायला हरकत नाही, त्याच्यात आणि माझ्यात अकरा वर्षांचं अंतर.

२०१६ मध्ये त्याला लडाखकडे बर्फातल्या चौक्यांवर पाठवलं. दिवाळीआधी त्याला काहीतरी धाडायचं ठरलं. काय पाठवू विचारलं तर म्हणाला, "काही नको ताई, इथं सगळं मिळतं." हे ऐकून मला जास्तच घोर लागला. ज्याला काही नको असतं त्याला काय द्यायचं?

मी डहाणूजवळ सरावलीला राहते, सासर तिथलं. माहेर उधव्याच्या पुढे, एका पाड्यावर. म्हणून खरेदी माझ्याकडे आली. डहाणूच्या बाजारात लोकरीचे हातमोजे मागितले तर दुकानदार हसला. "बेन, इथे थंडी पडते कधी?" कान झाकणारी टोपी मागितली तेव्हा त्याने बारशाची टोपरी काढून पुढे ठेवली. शेवटी माळ्यावरून एक खोकं उतरवलं, त्यात मोटारसायकलवाल्यांचे मोजे निघाले. तेच घेतले. घरी येऊन स्वतःच्या हातात घालून पाहिले आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात हात घातला. पाच मिनिटांत बोटं दुखायला लागली. नवरा म्हणाला, "तिकडे सरकार देतं गं सगळं." मला ते कळत होतं. पण सरकारने दिलेलं आणि बहिणीने दिलेलं, यात काही फरक आहे की नाही?

आईला सुके बोंबील पाठवायचे होते. वासाने पोस्टातली माणसं पळतील, असं सांगून मी ते बाजूला काढले. मग चिकू ठरले. आमच्या भागात चिकूचा हिशेब पोराटोरांनाही येतो. जवळ न्यायचे तर उद्या पिकणारे घ्यायचे, लांब न्यायचे तर नखाने खरवडून बघून टणक घ्यायचे, वाटेत आपोआप पिकतात. मी दहा-बारा दिवसांचा प्रवास धरून अगदी दगडासारखे निवडले, पेंढ्यात बसवले, खोकं मांजरपाटात शिवलं. फौजेच्या पत्त्यात गाव नव्हतं, नुसते आकडे. आईने दोनदा विचारलं, "पन गाव कोनतं?"

महिनाभराने त्याचा फोन आला. चिकू कसे होते? "एकदम गोड. सगळ्यांनी खाल्ले. एक नंबर."

मी आठवडाभर शाळेत हे सांगत फिरले. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या एका बाईंचे सासरे निवृत्त फौजी. ते तलासरीला भेटले तेव्हा त्यांनाही सांगितलं. म्हातारा पोट धरून हसला. म्हणाला, "बाई, तिथं अंडं हातोडीने फोडावं लागतं. तुमचा चिकू त्या थंडीत पिकणारच नाही, गोटा होणार. दात पडले नाहीत हे नशीब."

सगळे हसले. मी पण हसले. पण घरी येताना रिक्षात बसून मला रडू येत होतं. चिकूसारख्या गोष्टीत तो खोटं बोलतो, तर ताप येतो का, छातीत दुखतं का, घाबरतो का, यात तो मला खरं कशाला सांगेल? त्याचं बरं आहे हे मला फक्त त्याच्याच तोंडून कळत होतं, आणि त्या तोंडावर आता माझा विश्वास राहिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी परत पार्सल करायचं होतं. या वेळी मी पक्कं ठरवलं होतं की पोहेच पाठवायचे, नव्या भाताचे, आईच्या हातचे. ना नासतात, ना गोठतात. पण त्या वर्षी पाऊस हटेना. भात शेतात उभंच. आमच्या घरी नवं धान्य आधी देवाला दाखवतात, धान्याच्या देवीला, कणसरीला. भगत येतो, पूजा होते, मग नव्या भाताचे पोहे सगळे खातात. तोवर नव्याचा दाणा कोणी तोंडात घालत नाही. आणि घरातलं जे माणूस बाहेरगावी असेल त्याचा वाटा वेगळा काढून फडक्यात बांधून ठेवतात. तो त्यानेच खायचा. दुसऱ्या कोणी खाल्ला तर आई दोन दिवस जेवत नसे, इतकं तिचं मन त्यात.

उखळात कांडण्यापुरतं नवं भात मामाच्या उतारावरच्या, पाणी न साचणाऱ्या वरकस शेतातून मिळत होतं. मी म्हटलं, "आई, पूजा मागून कर. पुढे रस्ते बंद होतील, मग पार्सल जायचं नाही. आधी पोटोबा, मग विठोबा."

"देवाआदी पोराला नाय," आई म्हणाली. "त्याच्याच जिवाला लागंल."

मी खूप बोलले. शिकलेली असून काय काय बोलले ते आज लिहायची लाज वाटते. ती ऐकून घेऊन भाकऱ्या थापत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पार्सलमध्ये नागलीचे पापड, सुकवलेल्या चिकूच्या चकत्या, तेलाची बाटली, लोकरीचे पायमोजे आणि भाचरांनी काढलेली चित्रं गेली. पोहे गेले नाहीत. पूजा झाली त्यानंतर तीन आठवड्यांनी. त्याचा वाटा आईने फडक्यात बांधून आढ्याला टांगला.

डिसेंबरात त्याचा फोन आला. वरच्या चौकीवरून बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळायची. पार्सल मिळालं म्हणाला. आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. वर्गात मी ही युक्ती नेहमी करते. न शिकवलेल्या धड्यातला प्रश्न विचारायचा. जो म्हणतो "हो बाई, वाचला," तो सापडला.

मी विचारलं, "नव्याचे पोहे खाल्लेस का रे? तुझा वाटा आईने खास घातला होता."

पलीकडे नुसती खरखर. मग तो म्हणाला, "हो. खाल्ले. आईला सांग, एक नंबर."

मी फोन ठेवला. चोर पकडला होता मी. त्या थांबण्यात तो खोटं जुळवत होता, असं मी धरून चालले. सगळा हिवाळा मी तसाच काढला. कोणाला सांगायची सोय नव्हती. आई तर पाड्यावर ज्याला-त्याला सांगत होती की पोरगा खुशाल आहे.

२०१८ च्या चैत्रात तो महिन्याच्या रजेवर आला. रंग काळवंडलेला, ओठ फुटलेले, पण हातपाय शाबूत. मी आधी बोटं मोजली, नकळत. तो मात्र गप्प असायचा. मित्र महालक्ष्मीच्या जत्रेला विवळवेढ्याला ओढत होते, गेला नाही. आई शेजारणींबरोबर जत्रेला गेली त्या दिवशी आम्ही दोघं शेतावर राब भाजत होतो. रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, वर माती पसरून जाळायचं, म्हणजे पावसाळ्यात रोप जोमाने येतं. काम मन लावून करायचं असतं, वाऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं. तरी मी विषय काढलाच.

"चिकू गोड होते का रे खरंच?"

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा. "गोटे झाले होते ताई. आम्ही त्यांनी क्रिकेट खेळलो."

"मग खोटं कशाला बोललास?"

"मग काय सांगू? तू निवडून निवडून घातलेले."

मला बरं वाटलं. आता एकेक करून सगळं बाहेर येईल असं वाटलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "आईला सांगू नको. पोहे मला मिळाले नव्हते. चोरले."

मी काठीने पाला सारखा करत होते, ती तशीच थांबली.

"कोणी?"

"जोडीदाराने. पहाडातला होता, उत्तराखंडचा. सहा महिने एका तंबूत, एका ताटात जेवलो आम्ही. खालच्या तळावरून माझं पार्सल त्यानेच पाठीवर वर आणलं होतं. शिवण उसवलेली होती, तपासणीत उसवतातच, तेव्हा मला काही वाटलं नाही. मग तू फोनवर पोह्यांचं विचारलंस. दुसरं काही खाल्लं असतं तर हसून सोडलं असतं गं. पण नव्याचा वाटा. मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. तो म्हणाला, तुझी शपथ, नाही घेतले. मी म्हटलं, माझी बहीण खोटं बोलेल का?"

राब एका बाजूने पेटत आला होता. धूर डोळ्यांत जात होता आणि मला त्याचा फार आधार वाटला.

"मग?"

"मग काय. बाकीचे पण त्याच्याशी तुटक वागायला लागले. तिथं पाच-सहा जणांत राहायचं, त्यात कोणी बोलेना तर माणूस काय करणार? पंधरा दिवसांनी त्याच्या पायाला बर्फ लागला. उजव्या पायाची दोन बोटं गेली. आधीच बोलला असता तर वाचली असती, डॉक्टर म्हणाला. पण बोलणार कोणाशी? पाय बधिर झालाय हे सांगायला शेजारी मीच होतो." त्याने बाहेर आलेला पाला पायाने आत सारला. "वाईट वाटतं. पण चोरी केली त्याने."

मी गप्प राहू शकत होते. हे मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगून पाहिलं आहे. गप्प राहिले असते तर माझ्या भावाच्या मनाला तेवढा तरी टेका राहिला असता की दोष दुसऱ्याचा होता. आणि दूर कुठल्या तरी डोंगरात एक माणूस लंगडत, चोर म्हणून जगला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. राब पुरता विझू दिला. मग सांगितलं. पूजा झाली नव्हती, पोहे घातलेच नव्हते, तू खरं बोलतोस का ते बघायला मी विचारलं होतं.

वाटलं होतं ओरडेल. काठी फेकेल. लहानपणी फेकायचा. त्याने फक्त मातीने माखलेले हात चड्डीला पुसले आणि विहिरीकडच्या चढावर गेला. आमच्याकडे रेंज तिथेच येते. मी मागोमाग गेले. त्याने जोडीदाराला फोन लावला, लागला. तो फोन नीट कानाला धरत नव्हता, त्यामुळे पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"पोहे थे ही नहीं उस पार्सल में," भाऊ म्हणाला. "दीदी ने झूठमूठ पूछा था. अभी बताया."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कोणी बाई काहीतरी बोलत होती. मग जोडीदार म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "मुझे तो उसी दिन से पता था, भाई. तुझे आज पता चला."

भाऊ माफी मागायला लागला, पण शब्द पुरे होईनात. पलीकडचा म्हणाला, ठीक आहे, घरी सगळे बरे आहेत ना, आता दवाखान्यात जायची वेळ झाली. आणि फोन ठेवला. त्यानंतर भावाने दोनदा लावून पाहिला. उचलला नाही.

चढावरून उतरताना तो माझ्या पुढे चालत होता. मागे न वळता म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी काही पाठवू नको."

रजा संपवून तो गेला. पुढच्या दिवाळीआधी आईने नागलीचे पापड लाटून ठेवले आणि मला निरोप धाडला की खोकं शिवायला ये. मी गेले. म्हटलं, आई, आता तिकडे पार्सलं नेत नाहीत, बंद केलं सरकारने. तिने पापडांचा डबा उचलून फळीवर ठेवला आणि दुसरं काही विचारलं नाही. तिच्या लेखी मी शाळेतली बाई, मी कशाला खोटं बोलेन.