पाच वेळा या नाकपुडीत, पाच वेळा त्या

काडीबाईंना बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. शाळेतल्या आजारी मुलांच्या खोलीत त्यांच्यासाठी चांगली गादीची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम टॉवेलांचा गठ्ठा, नाहीतर कुणीतरी विसरलेलं स्वेटर. बाई उभ्या. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, रजिस्टर लिहायचं तेही उभ्यानं. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, शांत माणूस. तो म्हणायचा की अगं, माझ्या लिफ्टासुद्धा मधूनमधून थांबतात. बाई हो म्हणायच्या आणि आधीच पुसलेला ओटा परत पुसायला घ्यायच्या.

चौदा वर्षं मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून काढली, तिथं पायाला भिंगरी लागली ती सुटलीच नाही. शाळेत नोकरी धरली तेव्हा वाटलं होतं, आता काय, गुडघे फुटणार, दात हलणार, गणिताच्या तासाला पोटं दुखणार. काही वर्षं तसंच चाललं. मग तो विषाणू आला आणि सगळ्यांचीच घडी विस्कटली.

काडीबाई हे नाव मुलांनी ठेवलं, नाकात फिरवायच्या कापसाच्या काडीवरून. शिक्षकांच्या खोलीत त्या नावाचा भलताच अर्थ लावून खिदळणं चालायचं, कारण बाईंना जिथंतिथं काडी घालायची खोड होतीच. कुणाची मुलगी खोकली, कुणाचा डबा तसाच परत गेला, सगळं बाईंना माहीत. हसा म्हणायच्या, पण नाक इकडं करा.

ही काडी शाळेत आली ती बाईंच्या हट्टानं, आणि त्या हट्टामागं एक पोरगी होती. पूर्वीचा नियम असा की वर्गात एकाला विषाणू सापडला की अख्खा वर्ग दहा दिवस घरी. घरी न्यायची चिठ्ठी बाई लिहायच्या आणि खाली सही करायच्या. दोन वर्षांपूर्वी सातवीचा एक वर्ग असा एकाच वर्षात तीनदा घरी गेला. तिसऱ्यांदा सगळे परतले, एक मुलगी परतली नाही. घरात तान्हं बाळ, आईबाप दोघं कामावर. दहा दिवस मुलगी घरी राहिली, बाळ तिच्या अंगावर सुरळीत पडलं आणि मग तिला शाळेत पाठवायची कुणाला घाईच उरली नाही. पुढं घराची जागाही बदलली. आज येईल, सोमवारी येईल असं होता होता तिचं नाव पटावरून गेलं.

मुलगी भारी होती हो. डोळे तपासायच्या तक्त्याची सगळ्यात खालची, बारीक अक्षरांची ओळ तिनं पाठ करून ठेवली होती आणि दोन्ही डोळे मिटून ती घडाघडा म्हणून दाखवायची. बाई तिला रागवायच्या आणि नंतर हे नवऱ्याला सांगून हसायच्या. ती गेल्यावर बाईंनी तक्त्याची जागा बदलली. समोर दिसला की नको वाटायचं.

तेव्हापासून त्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, हात धुऊन मागं लागल्या. वर्ग घरी पाठवू नका, म्हणाल्या. ज्याला विषाणू सापडला तो एकटा पाच दिवस घरी राहू दे. बाकीच्यांची पाच दिवस रोज सकाळी तपासणी करू, पंधरा मिनिटांत कळतं, ज्याच्यात विषाणू निघाला नाही तो वर्गात बसेल. मोठ्या बाई फार तोलूनमापून बोलणाऱ्या. वर्षभर त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या की एका वर्गावर करून बघा, पण गडबड झाली तर पुन्हा जुना नियम आणि परत हा विषय काढायचा नाही. काडीबाईंनी मान डोलावली. त्या रात्री त्यांना झोप काही लागली नाही.

संधी लवकरच आली. सहावीतला एक जण तापानं फणफणला, तपासला, निघाला. उरले चौतीस. आणि त्या चौतिसांत होती टाचणी.

टाचणी म्हणजे त्या परत न आलेल्या मुलीची धाकटी बहीण. बारीक, टोकदार, मान ताठ. बाळ आता चालायला लागलं होतं, म्हणजे आणखीनच डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं. बाईंना पक्कं ठाऊक होतं की ही एकदा घरी अडकली तर हिचंही तेच होणार. एकीच्या हातांना दोन हात जोडले जातील, एवढंच. वर्गासाठी बाई जिवाचं रान करत होत्या हे खरं, पण रांगेत त्यांची नजर आधी टाचणीला शोधायची.

पहिल्या सकाळी नाकी नऊ आले. चौतीस नाकं, बाई एकट्या, आणि घंटेला अर्धा तास. चौदा जणांतच घंटा झाली, उरलेल्यांपायी पहिला तास बुडाला. मग दुसऱ्या दिवसापासून बाईंनी युक्ती काढली. मुलांनी काडी स्वतःच फिरवायची. दहा दहा जण ओळीत उभे, बाई मोठ्यानं मोजणार, पाच वेळा या नाकपुडीत, पाच वेळा त्या. मोजता मोजता बाई तपासणीच्या पट्ट्यांवर पेनानं नंबर आणि वेळ घालायच्या. इस्पितळातली जुनी शिस्त, की नंबराची चूक म्हणजे माणसाची चूक. त्यामुळं डोळे पट्टीवर, एक नजर घड्याळावर. काम झरझर उरकलं. पोरांना तर खेळच मिळाला, मोजणी सगळा वर्ग एका सुरात करायला लागला.

पट्टीचं गणित साधं. वरची रेघ एवढंच सांगते की पट्टी चालू आहे. खालची उमटली तर विषाणू. दुसऱ्या दिवशी कुणाची खालची रेघ नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पंधरा मिनिटं बाई खोलीत या टोकाहून त्या टोकाला फेऱ्या मारायच्या, किल्ल्यांचा जुडगा वाजत राहायचा, आणि चौतीस पट्ट्या कोऱ्या दिसल्या की क्षणभर बरं वाटायचं. क्षणभरच. लगेच उद्याची धास्ती. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई दारात येऊन बघून गेल्या, जाताना हलकंसं हसल्या. बाईंना तेही सोसलं नाही. सगळं इतकं सुरळीत कसं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

चौथ्या सकाळी त्यांच्या हातातलं पेन सुटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. ते उचलायला वाकल्या, तोंडानं मोजणी चालूच, तीन, चार, आणि खालून वर बघितलं तर समोर टाचणीचा हात. मूठ नाकाला टेकलेली, बोटं इमानेइतबारे गोल फिरताहेत, आणि काडीचा कापूस मुठीच्या आत. नाकात काहीच नाही. नुसता अभिनय.

काडी नाकात गेलीच नाही तरी वरची रेघ उमटते, हे बाईंना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. चौदा वर्षं नर्सचं काम केलेलं. पण नंबर बघितले, वेळ बघितली, आणि हात बघायचे राहिले. दोन दिवस कोऱ्या काडीची कोरी पट्टी बघून त्या खूश झाल्या होत्या. मूर्ख, मूर्ख, असं त्यांनी स्वतःलाच मनात चार वेळा ऐकवलं.

त्यांनी मोजणी पुरी केली. बाकीच्यांना मैदानात पाठवलं आणि टाचणीला तेवढं थांबवून घेतलं. नवी काडी काढली आणि या वेळी स्वतः फिरवली. पोरीनं मान मागं केली, पण डोळे बाईंवरून हलवले नाहीत. कपाळाला हात लावून बघितलं, कोमट. कालपासून घसा खवखवतोय का, विचारलं. पोरीनं नुसतं नाक ओढलं. पंधरा मिनिटं लागलीच नाहीत. चारच मिनिटांत खालची रेघ उमटली, चांगली ठसठशीत.

असं का केलंस, बाईंनी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही तो चढला.

टाचणी पट्टीकडं बघत म्हणाली, "ताईपण दहाच दिवसांसाठी गेली होती."

मुलगी खोटेपणा करत होती, वर्गाला धोका होता, सगळं खरं. पण हा धडा तिला शिकवला कुणी? खाली सही कुणाची होती? बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, नळ सोडला, बंद केला. पट्टी पाकिटात घालून नंबर खोडता आला असता. कोणी बघितलं नव्हतं. हा विचार येऊन गेला, नाही कशाला म्हणा. मग वर्गातल्या बाकीच्या तेहतीस जणांची तोंडं आठवली आणि त्यांनी स्वतःच्याच कानाला खडा लावला.

मोठ्या बाईंसमोर त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासूनच्या तपासण्या भरवशाच्या नाहीत, मी हाताकडं बघितलं नाही. बोलताना टेबलाची कड घट्ट धरली होती. आता जुना नियम, या तयारीनंच आल्या होत्या.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "चूक तपासणीची की तुमची?"

"माझी."

"मग तपासणी कशाला बंद करू? तुम्ही सुधारा."

त्याच सकाळी ओळ परत उभी राहिली, मदतीला दोन शिक्षक घेतले आणि प्रत्येक हात बाईंनी बघितला. टाचणीच्या बाकावर बसणारी एक निघाली, तिला घरी धाडलं. बाकी कोरे. दुसऱ्या दिवशीही कोरे. वर्ग वाचला. पण टाचणी घरी गेली होती आणि बाईंचा जीव तिकडं टांगलेला.

तिला पोचवायला त्या स्वतःच गेल्या होत्या. त्या नव्या जागेचा जिना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. बाप दारात आला, त्याच्या पाठीमागं घरात बाळाचं रडणं चालू. बाईंनी चिठ्ठी दिली, पण या वेळी नुसती सही करून सुटल्या नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता मी इथं उभी असेन, म्हणाल्या, ताप नसेल तर मी तिला घेऊन जाणार. बाप बघू म्हणाला. बघू या शब्दानं बाईंचे पाच दिवस खाल्ले. नवऱ्याला भाजीत दोनदा मीठ मिळालं, त्यानं वर दही घेतलं.

सहाव्या दिवशी पावणेसातलाच त्या दारात. वाजवलं. आत पावलांचा आवाज, मग थांबला, मग परत आला. दार उघडलं ते बापानं नाही. थोरलीनं उघडलं. उंची वाढलेली, कडेवर ते बाळ, दुसऱ्या हातात टाचणीचं दप्तर. बाईंनी तिला ओळखलं.

"ती वेणी घालतेय, येईल," ती म्हणाली. बाळाला सावरून तिनं दप्तर पुढं केलं. "तिला न्या बाई. घरी मी आहेच."

टाचणी आली, आपण होऊन मान मागं केली आणि म्हणाली की आज तुम्हीच फिरवा. बाईंनी पायरीवरच काडी फिरवली. मोजायला सुरुवात केली, तर दारातून थोरलीही हळू आवाजात मोजत होती, पाच या नाकपुडीत, पाच त्या. पंधरा मिनिटं तिघी तिथंच थांबल्या. बाळ किल्ल्यांशी खेळलं. रेघ एकच आली.

शाळेच्या रस्त्यानं टाचणी पुढं पळत होती, बाई मागं रेंगाळत होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच. फाटकाशी तिला वर्गाकडं धाडलं आणि आजारी खोलीकडं न वळता त्या सरळ मोठ्या बाईंच्या दारात गेल्या. बसा, मोठ्या बाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत.

"एक मुलगी आपल्या पटावरून सुटलीय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. चिठ्ठीवर सही माझी आहे."