आमच्या साडूंचा कापूर

रत्नागिरीतल्या सगळ्या देवांना मिळून लागत नाही तेवढा कापूर आमच्या एकट्या साडूंना लागतो. वाणी त्यांना मोठे भाविक समजतो आणि वर दोन वड्या जास्त घालतो. साडू कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. कापराची वाफ भट्टीतल्या तापलेल्या नळीतून नीलमाच्या चकतीवर सोडायची, आणि तिच्यावर कार्बनचा, डोळ्याला जेमतेम धुरकट दिसेल असा पातळ थर सगळीकडे सारखा बसवायचा, एवढंच त्यांचं या जन्मीचं मागणं. सहा वर्षं थर बसत होता, पण सारखा बसत नव्हता. कधी वीज दगा द्यायची, कधी खारा वारा, निदान साडू तरी तसं म्हणायचे. आमच्याकडे घावन खायला बसले तरी ते आधी उजेडाकडे धरतात आणि "कडेला जाड आहे" असं सांगून माझ्या बायकोचा, म्हणजे सख्ख्या मेहुणीचा, राग ओढवून घेतात.

भट्टी पुण्याहून उसनी आणलेली. ती सोमवारी परत जायची होती आणि चकती एकच उरली होती. रविवारी सकाळी बघतात तर डबी रिकामी. घर पालथं घातल्यावर चकती सापडली त्यांच्या आईच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या उशाखाली, निळ्या फडक्यात. नीलम हा शब्द कानावर पडल्यापासून काकूंच्या जिवाला घोर लागला होता.

"मेल्या, शनीचा खडा हाय तो," त्या म्हणाल्या. "तुला लाभतो का नाय ते कोणी बघायचं? चार राती मी घेतला उशाशी. वायट व्हायचं तं माझं होवंदे. काय नाय झालं. घाल आता भट्टीत."

चकतीवर खोबरेलाचा अंगठा उमटला होता. साडूंनी ती तीनदा धुतली आणि रडवेल्या तोंडाने नळीत सरकवली. थर बसला. पहिल्यांदाच, अगदी सारखा. फक्त एका कडेला काकूंचा अंगठा काळसर रेघांनी उठून दिसत होता. साडू दोन दिवस चकती उजेडाकडे धरून बसले. मग त्यांनी फोटो पुण्याला पाठवला आणि तिकडून भट्टी आणखी वर्षभर ठेवून घ्या असा निरोप आला. पुणेकर आपण होऊन वस्तू ठेवून घ्या म्हणाले, यावरून थर काय दर्जाचा असेल ते ओळखावं.

काकू मागच्या वर्षी गेल्या. चकती उघड्या हवेत तापवली की थर जळून जातो आणि ती पुन्हा वापरता येते. परवा बाकीच्या चकत्या संपल्या, तेव्हा मी म्हटलं, ती एक आहे की. साडूंनी ती खिडकीपाशी धरली.

"ही नको. हिच्यावर आई आहे."

नवी चकती पुढच्या आठवड्यात येणार आहे. ते निळं फडकं साडूंनी धुऊन, घडी करून उशाशी ठेवलंय.