जवळा घातलेल्या नूडल्स

मला एकच चव सलग दोन दिवस चालत नाही. माहेरी आई म्हणायची, हिची जीभ एका जागी बसत नाही, सासरी कसं होणार कोण जाणे.

सासर मिळालं भिवंडीत, नारपोलीला. पहिल्याच आठवड्यात कळलं की या घरात चूल सुनेची आणि बाजाराची पिशवी सासूची. सकाळचा चहा झाला की सासूबाई ती जाड खाकी पिशवी काखेत मारून निजामपुऱ्याच्या बाजारात चालत जायच्या आणि परत आल्या की माझ्यासमोर ओट्यावर उपडी करायच्या. निघेल ते मी रांधायचं. बोंबील निघाले तर बोंबील, खाडीच्या निवट्या निघाल्या तर निवट्या. आज तुला काय खावंसं वाटतं, असं त्या घरात मला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

घराला लागून आमचे कापड विणायचे चार लूम होते. दिवसभर भिंत थरथरायची, मांडणीवरच्या डब्यांची झाकणं वाजायची. त्या आवाजात हात आपोआप चालायचे. शुक्रवारी लूम बंद असायचे आणि त्या दिवशी माझा पाय घरात ठरायचा नाही. दारात जा, परत ये, धुतलेली भांडी पुन्हा पुसून ठेव. मला ती पिशवी हवी होती. स्वतः बाजारात जावं, चार ठिकाणी हात लावून बघावं, मनात येईल ते घ्यावं, एवढंच. पण ते मागायचं म्हणजे सासूबाईंना त्यांच्या जागेवरून उतरवायचं, हे मलाही कळत होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा नाक्यावर चायनीजची गाडी लागली. ह्यांनी एकदा तिथल्या नूडल्स बांधून आणल्या. लालभडक, आंबट, तिखट. सासूबाईंनी त्या नूडल्सकडे गांडुळांकडे बघावं तसं बघितलं आणि ताटली सरकवून दिली. उरलेल्या सगळ्या मी खाल्ल्या. पुढे कितीतरी दिवस मला घरची आमटी मिळमिळीत लागत होती, आणि ती आमटी मीच केलेली असायची.

त्याच सुमारास सासूबाईंचा बाजार बिघडला. आणलेला बांगडा कापायला घ्यावा तर वासाने डोकं उठायचं. आई, हा कालचा दिसतो, असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, मसाला वाढव. एकदा कोळंबी तशीच निघाली. ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि बोलणी मला बसली, कारण चूल माझी ना! सासूबाई शेजारीच मान खाली घालून जेवत होत्या, अगदी निवांत. त्या मुद्दाम करतात अशी माझी खात्री झाली. मी नाकातोंडातून वाफ सोडत भांडी घासली.

पुढच्या शुक्रवारी शिंप्याकडे जाते असं सांगून मी बाहेर पडले ती थेट निजामपुऱ्यात. तिथल्या एका किराणावाल्याकडे नूडल्सचं पाकीट, सोया सॉस आणि व्हिनेगर घेतलं. दुकानदाराने हिंदीत बजावलं की आधी उकळायच्या, मग गार पाण्याने धुवायच्या. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तू मला शिकवणार? लहानपणापासून शेवया करतेय मी.

घरी येऊन मी नूडल्स शेवयांसारख्या तेलात खमंग परतल्या आणि वर पाणी ओतलं. त्यांचा बघता बघता लगदा व्हायला लागला. दुसऱ्या शेगडीवर कढईत लसूण आणि डब्यातला जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, टाकला होता, कारण पिशवीतून त्या दिवशी नुसती वांगी निघाली होती आणि मला काहीतरी खारं हवं होतं. मी लगदा उपसत बसले आणि तेवढ्यात जवळा जळला. सुका जवळा जळतो तेव्हा काय होतं हे ज्याच्या घरी झालंय त्यालाच माहीत. समोरच्या कोकणी मुसलमान चाची ओढणी नाकाला लावून दारात आल्या. हे लूमला तेल घालत होते, ते खोकत आत आले.

आणि सासूबाई माझ्यापासून हातभर अंतरावर पाटावर बसून लसूण सोलत होत्या. वर बघून त्यांनी विचारलं, "काय झाला?"

चाची म्हणाल्या, अहो, गल्ली उठली वासाने. तेव्हा कुठे सासूबाईंनी घाईघाईने पदर नाकाला लावला.

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. बांगडा, कोळंबी, निवांत जेवण, सगळं एका दमात कळलं. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. आईंना वास येत नाही, एवढे चार शब्द बोलायचे, हे समोरच उभे होते, आणि पिशवी उद्यापासून माझी. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बोटांत अर्धी सोललेली पाकळी होती.

"माझंच लक्ष नव्हतं," मी ह्यांना म्हटलं.

सगळे गेल्यावर सासूबाई हळू आवाजात बोलल्या, "वरीस झाला गो. तो ताप आल्ता, तवापासून. कोनाला सांगू न्हको. पिशवी गेली का मी कोपऱ्यानची झाली."

मी त्या लगद्यात सोया सॉस, व्हिनेगर आणि भरपूर मिरची घालून ताटलीत वाढलं. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या, मग दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं असेल.

"याचा कायतरी लागतंय," त्या म्हणाल्या, आणि ताटली पुढे केली. वर्षभर त्या माझ्या हातचं मुकाट खात होत्या आणि त्यांना त्यातलं फारसं काहीच लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर बाजारात जायला लागले. सून शिकतेय, असं मासळीवालीला सांगितलं. सासूबाई पूर्वीसारखाच मासा उचलायच्या, कल्ला उघडून आधी स्वतः हुंगायच्या आणि मग शिक म्हणत माझ्या नाकाखाली धरायच्या. शिळा असला की मी त्यांचं कोपर दाबायचे. त्या लगेच मासळीवालीवर तोंड सोडायच्या आणि मी मागे गप्प उभी राहायचे. घ्यायचं काय ते त्याच ठरवायच्या. माझे हात शिवशिवायचे, कधीकधी राग यायचा. पिशवी शेवटपर्यंत त्यांच्याच काखेत राहिली.

फक्त पहिल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मला बरं नव्हतं म्हणून त्या एकट्याच बाजारात गेल्या. मासळी आणली नाही. ओट्यावर पिशवी उपडी केली तेव्हा कांद्यांच्या वर नूडल्सचं पाकीट पडलं.

"जवला घाल," त्या म्हणाल्या, "पन जालू न्हको."

मग दर शुक्रवारी त्याच नूडल्स, तसाच जवळा, तेवढंच व्हिनेगर. त्या असेपर्यंत मी त्यात कधी काही बदललं नाही.