वरच्या पैशांची ठिकाणं

"पाह्यलं."

बाईंना काहीही दाखवा, त्या एवढंच म्हणायच्या. शाळेत आलेला नवा फळा दाखवा, कुणाच्या मुलीचा साखरपुड्याचा शालू दाखवा, वैनगंगेला चढलेलं पाणी दाखवा. मान जराशी तिकडे वळायची, डोळे तिथवर जायचे आणि परत यायचे. "पाह्यलं." त्यात कौतुक नसे आणि कंटाळाही नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला आधी वाटतं ती गर्विष्ठ आहेत, मग वाटतं थकलेली आहेत, आणि शेवटी आपण अंदाज करणं सोडून देतो.

सावली गावच्या प्राथमिक शाळेत आम्ही बरोबर शिकवायचो. त्या पहिलीला, मी चौथीला. घरंही एकाच गल्लीत होती. वयानं त्या माझ्यापेक्षा खूप मोठ्या, पण मला "भाऊ" म्हणत. बोलणं त्यांचं आधीपासून कमीच होतं, आणि त्याची गरजही पडत नव्हती. घरात दोघांचं बोलणं त्यांचे यजमान एकटे बोलायचे.

यजमान जंगलखात्यात गार्ड होते. सगळी नोकरी अहेरीकडच्या रानात गेली, म्हणून सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. निवृत्त होऊन ते सावलीला आले आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दोघं नवराबायको वडशाच्या गाडीनं फिरायला गेली. वडशा गावात एकाच्या दोन बस होत्या. हिवाळाभर तो त्या नाटक मंडळ्यांना द्यायचा आणि दिवाळीत बुद्धाच्या स्थळांची सहल काढायचा. सांची, बनारस, सारनाथ, बोधगया, राजगीर, कुशीनगर, लुंबिनी. भाड्यात गाडी आणि दोन वेळचं जेवण. गाडी जिथं थांबेल तिथून पुढे नाव, टांगा, जीप जे काही लागेल ते ज्याचं त्यानं बघायचं. मालक त्याला 'वरचे पैसे' म्हणायचा.

बाईंना वरच्या पैशांची ठिकाणं पटली नाहीत. त्या गाडीतच बसून राहिल्या. गार्डसाहेब मात्र प्रत्येक ठिकाणी उतरले, आणि परत आल्यावर कितीतरी महिने गल्लीला ती ठिकाणं सांगत राहिले. संध्याकाळी ते ओट्यावर बसत, आम्ही खाली. बनारसच्या नावेशेजारी रेड्याएवढा मासा कसा उसळला, आणि राजगीरच्या डोंगरावर तारेला टांगलेल्या खुर्चीतून ते कसे गेले. "खुर्ची दोघाची. माह्या बाजूले एक म्हातारी, नेपाळकडची. अशी थरथरे का खुर्ची हाले. मी तिचा हात धरून वरपर्यंत नेलो." हे सांगताना ते शेजारी बसलेल्या बाईंचाच हात धरून दाखवत. बाई हात सोडवून घेत आणि तांदूळ निवडत. लुंबिनीचं विचारलं तर मात्र म्हणत, "खांब आहे. तळं आहे. चांगलं आहे," आणि पुन्हा माशावर येत.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते अंगणातल्या खाटेवर पडले ते उठले नाहीत. सकाळची शाळा होती. शेजारचा माणूस शाळेत येऊन बाईंना सांगून गेला. बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माह्या पोराइले पाहाल. हजेरी घेतली आहे." एवढं सांगून चालत घरी गेल्या. मला वाटलं घरी कुणी आजारी असेल.

त्यांना रडताना कुणी पाहिलं नाही. अहेरीहून लेक आली, महिनाभर राहिली आणि गेली. शाळा उघडली तेव्हा बाई वेळेवर आल्या. गल्लीतल्या बायका म्हणत, बाईचं मन दगडाचं आहे. मला तसं वाटत नव्हतं, पण काय वाटतं तेही सांगता येत नव्हतं. सुई टोचून दाताची हिरडी बधिर करतात, तेव्हा आपण बोटानं ती दाबून पाहतो, आपलीच आहे ना म्हणून. बाई तशा दिसायच्या.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला विचारलं, "वडशाची गाडी चालली. येता का?" माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी हो म्हटलं.

या वेळी मालकानं बनारसला नावेचं सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या आधी बाईंनी पैसे काढले. आमच्या गाडीत एक निवृत्त पोस्टमन होते. कुठूनही परत आले की ते पायरीवर उभं राहून निकाल द्यायचे. एक तर "वसूल", नाही तर "फुकट गेले". भाड्यातच सगळं काऊन घेत नाही म्हणून मालकाशी त्यांचं रोज एकदा तरी वाजायचं, आणि रोज ते जायचेही. नावेतून उतरल्यावर त्यांनी "वसूल" म्हटलं आणि बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "पाह्यलं." मासा काही उसळला नव्हता. नावाड्याला मी गुपचूप विचारलं, तर तो म्हणाला, इथं सोंस असते, गंगेतला डॉल्फिन, वर येते, पण रेड्याएवढी? आणि हसला. बाईंनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

बोधगयेला नदीपलीकडच्या डोंगरातल्या गुहेचे पैसे भरले, तिथंही गेल्या. धूळ, जीपचे धक्के, पायऱ्या. कुठेच थांबल्या नाहीत आणि कुठेच रमल्या नाहीत. नवऱ्यानं जे जे सांगितलं होतं, ते एकेक करून जाऊन बघायचं त्यांनी ठरवलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग राजगीर आलं. गाडी तळावर लागली. समोर डोंगर आणि त्यावर चढत गेलेली तार. आम्ही तिकिटं काढून रांगेत उभे राहिलो. खुर्च्या एकामागून एक फिरत येत होत्या, माणूस पटकन बसत होता, कामगार पुढचा दांडा लावत होता, खुर्ची निघत होती. रांग पुढे सरकली तशा त्या खुर्च्या आम्हाला नीट दिसल्या.

प्रत्येक खुर्ची एका माणसाची होती.

मी बाईंकडे पाहिलं नाही. दुसरीकडे कुठं दोघांच्या असतील, म्हणून उगाच मान वळवून पाहिलं. नव्हत्या. बाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एकाचीच आहे."

मी म्हटलं, "तेव्हा वेगळ्या असतील बाई." दांडा लावणाऱ्या कामगाराला मी विचारणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "नका विचारू." आणि त्यांची खुर्ची आली. त्या बसल्या. पदर मांडीखाली दाबून घेतला. माझी खुर्ची त्यांच्या मागची. वरपर्यंत मला त्यांची पाठ आणि अंबाडा दिसत होता. पाठ जराही हलली नाही.

वर पांढरा स्तूप होता, वारा होता, लोक फोटो काढत होते. बाई प्रदक्षिणा घालून आल्या आणि कठड्याशी उभ्या राहून खाली बघू लागल्या. लोक बघतात तसं दूर क्षितिजाकडे नाही, खाली तळाकडे, आमच्या गाडीकडे. बराच वेळ. मग आम्ही उतरलो.

खाली आल्यावर पोस्टमन पायरीवर होतेच. बाई गाडीकडे गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊ, मंग अर्धा दिवस ते कुठी बसले असतील?"

त्या चालू लागल्या, मी मागे गेलो. टांग्यांचा अड्डा ओलांडला. फुलांची, नारळाची दुकानं ओलांडली. कुणाला काही विचारायचं नव्हतं, कुणाला काही आठवणारही नव्हतं. पुढे चहाच्या दोनतीन टपऱ्या होत्या. बाई प्रत्येक टपरीपाशी उभ्या राहायच्या, मागे वळून गाडीकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. शेवटच्या टपरीच्या मागे झाडाखाली एक बाकडं होतं. तिथं त्या बसल्या.

"इथी बसले असतील," त्या म्हणाल्या. "इथून गाडी दिसते. गाडीतून हे बाकडं दिसत नाई."

मी शेजारी बसलो. खरंच होतं. टपरीच्या कुडाच्या फटीतून गाडीची खिडक्यांची एक बाजू दिसत होती. त्यातल्याच एका खिडकीत गेल्या वर्षी बाई बसल्या असणार.

"मी तिकडं डोंगराकडे पाहत होती," बाई म्हणाल्या. "खुर्च्या दिसत. म्हणो, यातले एक ते असतील. एकाले हातही दाखवली."

टपरीवाल्यानं चहा आणून दिला. बाईंनी तो सावकाश प्यायला. मग एकेक आठवून बोलल्यासारख्या त्या बोलल्या. त्या वर्षी ते बाजारातून येताना सायकलवर बसत नसत, हातात धरून चालत येत. विचारलं तर म्हणत, पायाले व्यायाम होते. विहिरीचं पाणी काढायचं त्यांनी शेजारच्याला सांगितलं होतं. रात्री दोन उशा घेत.

"दम लागत असन," बाई म्हणाल्या. "मले म्हणाले असते तर मी बसली असती ना बाजूले."

आवाज नेहमीचाच होता. पहिलीच्या पोरांना बाराखडी सांगतानाचा. मी चहाचा रिकामा पेला हातात धरून बसलो होतो आणि आता या रडतील अशी वाट पाहत होतो. त्या रडल्या नाहीत. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा उठल्या, टपरीवाल्याला पैसे दिले आणि म्हणाल्या, "चहा चांगला आहे."

त्यानंतर बाईंनी वरचे पैसे दिले नाहीत. नालंद्याला सगळे टांग्यातून गेले, त्या अशी एखादी जागा शोधून बसल्या, जिथून गाडी दिसेल आणि गाडीला ती दिसणार नाही. कुशीनगरला तसंच. लोकांना ते विचित्र वाटलं. एवढ्या लांब येऊन चहाच्या टपरीमागे बसायचं, त्यापेक्षा सावलीत काय टपऱ्या नाहीत, असं पोस्टमन माझ्यापाशी म्हणाले. मी मात्र सगळीकडे जात होतो आणि खरं सांगायचं तर मला एकही ठिकाण आज धड आठवत नाही. बाकडी आठवतात.

लुंबिनी नेपाळात. आमची गाडी सीमेच्या अलीकडेच थांबली आणि पुढे जीपनं जायचं होतं, वरच्या पैशांत. बाई उतरून बाकडं शोधू लागल्या. तेव्हा मात्र गाडीतल्या बायकांनी त्यांना धरलं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. बुद्ध जिथं जन्मला त्या जागेच्या इतक्या जवळ येऊन मागे फिरायचं, हे कुणाला पटणार? आमच्या आईबापांना ही नावंसुद्धा छप्पनच्या दीक्षेनंतर कळली. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. जीप भरत आल्या. मालक हाका मारायला लागला.

बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मग माझ्याकडे आल्या.

"भाऊ, लुंबिनीचं ते काय सांगत?"

मी म्हटलं, "खांब आहे, तळं आहे, चांगलं आहे."

"अजून?"

"अजून काही नाही. तेवढंच सांगत."

त्यांनी भरत आलेल्या जीपकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मनजे इथी ते गेले होते."

आणि बटव्यातून पैसे काढून त्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

लुंबिनीत तेव्हा फारसं काही नव्हतं. मोकळं मैदान, अशोकाचा खांब, लहानसं मंदिर, चौकोनी तळं, मोठं पिंपळाचं झाड. आम्ही वंदना म्हटली. नंतर बाकीचे हिंडायला गेले. बाई तळ्याच्या पायरीवर बसल्या, चपला काढून बाजूला ठेवल्या. मी लांबून पाहत होतो. त्यांच्या बाजूला एका माणसाची जागा होती आणि तिथं कुणी बसू नये म्हणून की काय, त्यांनी आपली पिशवी ठेवली होती. निघायची वेळ झाली तेव्हा मी बोलवायला गेलो. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी तळ्याकडे बघत उभा राहिलो. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि आम्ही जीपकडे आलो.

परतीच्या वाटेवर त्या झोपल्या. बनारसही गेलं, जबलपूरही गेलं, त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्याच होत्या. पोस्टमन दोनदा येऊन बघून गेले आणि दुसऱ्यांदा त्यांनी आपली शाल आणून त्यांच्या अंगावर टाकली.

त्यानंतर बाई काही वेगळ्या झाल्या असं नाही. शाळेत तशाच यायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात हेडमास्तर खूप बोलले आणि बाईंना बोला म्हटलं तर त्या उभ्या राहून नमस्कार करून खाली बसल्या. मग सावलीचं घर बंद करून त्या अहेरीला लेकीकडे राहायला गेल्या.

पुढं शिक्षकांच्या एका शिबिराला मला अहेरीला जावं लागलं. दुपारी सुट्टी झाली तसा मी पत्ता विचारत त्यांच्या लेकीच्या घरी गेलो. लेकीनं मला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग तिनं सांगितलं, आई पावसाळ्यात गेली. नदीनाले चढले होते, रस्ते बंद होते, सावलीला सांगावा धाडणं झालं नाही. त्रास काही झाला नाही म्हणाली. शेवटची दोन वर्षं दर बाजाराच्या दिवशी आई सकाळीच बाजारात जायची आणि बाजार उठेपर्यंत तिथं बसायची. घ्यायचं काही नसायचं. लेक रागावायची, लोक काय म्हणतील म्हणायची. "म्हणे, घरी करमत नाई, तिथी माणसं असतात."

तो दिवस बाजाराचाच होता. परत जाताना मी बाजारातून गेलो. गर्दी होती. मिरच्यांचे ढीग, बांबूच्या टोपल्या, मडकी, टेकडीकडून आलेल्या गोंड बायकांच्या पुढ्यात मोहफुलं. सुक्या मासळीच्या ओळीत शेवटच्या बाईच्या आणि मडकेवाल्याच्या मध्ये एका माणसापुरती जागा रिकामी होती. तिथं एक पोतं घडी करून ठेवलेलं होतं. बाहेरगावचा एक माणूस लसणाची टोपली घेऊन आला आणि तिथं मांडू लागला.

मासळीवाली हातानं माश्या वारत त्याला म्हणाली, "इथी नोको मांडू. थे म्हातारीची जागा आहे."

"कुठी आहे म्हातारी?"

ती गिऱ्हाईकाला मासळी मोजून देऊ लागली. तो माणूस थोडा वेळ थांबला, मग टोपली उचलून पुढे गेला.